तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह कोणता घ्यावा?

"नवा लॅपटॉप छोटासाच घेतलाय, सीडी घालायला जागाच नाही त्याला. बाहेरून लावायचा ड्राइव्ह कोणता घेऊ?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो, की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. मी मात्र आधी उलट विचारते: लॅपटॉपला पोर्ट कोणते आहेत, किती आहेत, आणि तुम्हाला डिस्क नुसती वाचायचीय की त्यावर लिहायचंही आहे? कारण इतक्या वर्षांत माझ्याकडे 'खराब निघाला' म्हणून जे ड्राइव्ह आले, त्यातले बरेचसे धडधाकट होते. त्यांना पुरेशी वीज मिळत नव्हती, एवढंच.

मागच्या खेपेला मैत्रीण आली ती जवळजवळ रडकुंडीला येऊन. तिच्या वडिलांच्या एमआरआयची सीडी होती आणि दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची होती. एक ड्राइव्ह तिनं आधीच परत केला होता, हा दुसरा. सीडी घातली की घरघर सुरू व्हायची, आवाज चढत जायचा, आणि ऐन वेगात आल्यासारखं वाटलं की 'टक्' करून सगळं थंड. लॅपटॉप डिव्हाइस काढल्याचा सूर वाजवायचा. दोन सेकंदांनी पुन्हा जोडल्याचा सूर, पुन्हा घरघर, पुन्हा टक्. मी ट्रेवर हात ठेवून हे तीनदा ऐकलं. भिंग खराब असेल तर ड्राइव्ह फिरत राहतो, अडखळतो, शोधत बसतो. लॅपटॉपवरून गायब होत नाही. दर वेळी वेग घेतानाच तो गायब होत असेल, तर विजेकडे बघायचं.

तिनं ड्राइव्ह टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवता यावा म्हणून मध्ये दोन मीटरची एक्स्टेन्शन केबल लावली होती. माझ्याकडे बोटाएवढा यूएसबी मीटर असतो, एका बाजूनं पोर्टमध्ये घालायचा आणि दुसऱ्या बाजूला उपकरण लावायचं. तो एक्स्टेन्शनच्या टोकाला लावला. ड्राइव्ह स्वस्थ असताना ५ व्होल्टच्या आसपास आकडा. सीडी फिरायला लागली तसा ४.६, ४.४, ४.२, आणि टक्. एक्स्टेन्शन काढून ड्राइव्हची स्वतःची आखूड केबल सरळ लॅपटॉपला लावली. आकडा ४.९ च्या खाली आला नाही आणि सीडी उघडली. सगळ्यात आधी ती पूर्ण लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग दोघींनी श्वास सोडला.

याचं गणित अवघड नाही. स्वस्तातल्या यूएसबी केबलमध्ये आतल्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). अशा तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे दोन मीटरच्या केबलमध्ये चार मीटर तार, ०.८५ ओहमच्या आसपास. एक अँपिअर ओढला की तेवढेच व्होल्ट वाटेतच खर्च. पाचातून पाऊण-एक व्होल्ट गेला, तर मोटर कशावर फिरणार? २४ गेजच्या जाड तारेत हाच तोटा निम्म्याहून कमी होतो. म्हणून केबल आखूड आणि जाड, हे मी ड्राइव्हच्या कंपनीआधी सांगते.

आता मुळाशी जाऊ. यूएसबी २.० च्या पोर्टनं ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ च्या पोर्टनं ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॉट. डिस्क एकदा लयीत फिरायला लागली की अडीच वॉटमध्ये भागू शकतं. पण थांबलेली बारा सेंटीमीटरची तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाला नेताना मोटर क्षणभर अँपिअरच्या घरात करंट मागते. लिहिताना लेझरला जोर लागतो, तो वेगळा. ड्राइव्ह उलटा करून लेबल वाचा. ५ व्होल्टच्या पुढे एक अँपिअर किंवा त्याहून मोठा आकडा बऱ्याचदा सापडतो. हाच ड्राइव्ह लॅपटॉपला मात्र 'मला ५०० पुरे' असंच सांगतो, कारण यूएसबी २.० च्या भाषेत त्याहून जास्त मागायची सोयच नाही. मोठ्या कॉम्प्युटरचे पोर्ट ठरलेल्यापेक्षा थोडं जास्त ओढू देतात, म्हणून तिथं सगळं सुरळीत चालतं. छोट्या लॅपटॉपचा पोर्ट हात आखडता घेतो. ऑफिसात चालणारा ड्राइव्ह घरी चालत नाही, ही तक्रार तिथून येते.

छोट्या लॅपटॉपांमधून ड्राइव्ह गेला त्यालाही कारण होतं. २००७ मध्ये असूसचा ईई पीसी आला, २००८ मध्ये ॲपलचा मॅकबुक एअर. दोन्हींत ड्राइव्ह नव्हता. डिस्कचा व्यास काही कमी करता येत नाही. आतला बारीक ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचा, आणि लांबी-रुंदीला तळहातापेक्षा मोठा. तेवढी जागा बॅटरीला दिली तर लॅपटॉप हलका होतो आणि जास्त वेळ चालतो. निर्णय बरोबरच होता. पण घराघरांतल्या डिस्क काही त्याबरोबर नाहीशा झाल्या नाहीत, आणि दवाखाने, छायाचित्रकार, जुनी कार्यालयं अजूनही आपल्या हातात डिस्कच ठेवतात.

वीज कमी पडत असेल तर काय करायचं? लॅपटॉपला यूएसबी ३ किंवा टाइप-सी पोर्ट असेल तर पहिल्यांदा तिथं लावा. टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टला दीड किंवा तीन अँपिअरसुद्धा देऊ शकतो. सगळेच देतात असं नाही, पण जुन्या २.० पोर्टपेक्षा तिथं सहसा बरी परिस्थिती असते. ड्राइव्हची पिन जुनी आणि पोर्ट टाइप-सी असेल तर मध्ये छोटा कन्व्हर्टर लागतो. तो एकसंध, वायर नसलेला घ्या.

दुसरा उपाय दोन तोंडांच्या केबलचा. एका तोंडातून डेटा आणि वीज, दुसऱ्यातून नुसती वीज. दोन्ही लॅपटॉपच्या शेजारशेजारच्या पोर्टना लावली की बहुतेक ड्राइव्ह उठून बसतात. यूएसबीच्या नियमांत अशा केबलला मान्यता नाही, हे माहीत असू द्या. कारण दोन्ही तोंडांच्या विजेच्या तारा आत एकत्र जोडलेल्या असतात. एक तोंड लॅपटॉपला आणि दुसरं बाहेरच्या चार्जरला लावलं, तर चार्जरची वीज लॅपटॉपच्या पोर्टमध्ये उलटी शिरू शकते. म्हणून मी ही केबल दोन्ही तोंडं एकाच लॅपटॉपला लावायची असतील तरच वापरते. दुसरं तोंड पॉवर बँकेला लावायची युक्ती पुष्कळ जण करतात, पण त्यात आणखी एक अडचण आहे. डिस्क थांबली की करंट अगदी कमी होतो, पॉवर बँकेला वाटतं काम संपलं, आणि ती स्वतःहून बंद पडते. पुढच्या वेळी डिस्क फिरायला लागते तेव्हा मदतीला कोणीच नसतं.

खरा भरवशाचा उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी. हबला भिंतीतून वीज मिळते, ड्राइव्ह हबकडून घेतो, लॅपटॉपवर ओझं राहत नाही. अडॅप्टर नसलेला हब मात्र या कामाला घेऊ नका. तो लॅपटॉपचे तेच ५०० मिलिअँपिअर वाटून देतो. नियमाप्रमाणे अशा हबच्या एका तोंडाला १०० मिलिअँपिअरच येतात. माऊस चालेल, कीबोर्ड चालेल, ड्राइव्ह नाही.

काही ड्राइव्हना बाजूला छोटं गोल भोक असतं, वेगळ्या अडॅप्टरसाठी. लोक त्याकडे बघतही नाहीत. मी दोन सारख्या ड्राइव्हमधून निवडायची वेळ आली तर भोकवाला उचलते. पण तिथं लेबलवर लिहिलंय तेवढाच व्होल्ट लावायचा. बारीक ड्राइव्ह नुसत्या ५ व्होल्टवर चालतो. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावलात आणि तो १२ व्होल्टचा निघाला, तर ड्राइव्ह जळतो. मोठे, जाडजूड ड्राइव्ह १२ व्होल्ट मागतात. त्यांची गोष्ट वेगळी आणि ते छोट्या लॅपटॉपबरोबर फिरवायला कोणी घेत नाही.

आता निवडीबद्दल. खोक्यावर ठळक अक्षरात '३.०, अतिवेगवान' असं छापलेलं असतं. ड्राइव्हचा वेग 'एक्स'मध्ये सांगतात; डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. बारीक ड्राइव्ह सहसा ८एक्सचा, म्हणजे ११ एमबी. यूएसबी २.० सुद्धा प्रत्यक्षात ३० एमबीच्या पुढे सहज जाते. तेव्हा डीव्हीडीसाठी ३.० मुळे वेग वाढत नाही. ब्लू-रेचा १एक्स साडेचार एमबीचा, ६एक्सला २७, तिथं ३.० ला थोडा अर्थ आहे. पण ब्लू-रे खरंच हवाय का, हे आधी स्वतःला विचारा. ब्लू-रे चित्रपट लॅपटॉपवर बघायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते ड्राइव्हबरोबर मिळेलच असं नाही. एका डिस्कवर २५ जीबी साठवायचे असतील तर घ्या. डीव्हीडीसाठीसुद्धा विंडोज ८ पासून चित्रपट चालवायची सोय आत येत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम घालून ठेवा. आणि ड्राइव्ह नवा असताना 'प्रदेश (रीजन, म्हणजे जगाच्या कोणत्या भागासाठीच्या डीव्हीडी चालवायच्या ते) बदलायचा का' असं विचारलं तर सहज म्हणून हो म्हणू नका. तो फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर कायमचा बसतो.

मी सगळ्यात जास्त अडून बसते ती केबलपाशी. ड्राइव्हला कायमची जोडलेली, पोटाखालच्या खाचेत गुंडाळून ठेवायची केबल दिसायला सुटसुटीत असते. पण रोज त्याच ठिकाणी वाकून तिची मान तुटते, आणि मग चांगला ड्राइव्ह टाकून द्यायची वेळ येते. वेगळी काढता येणारी केबल असली की बदलता येते, जाड घेता येते. ॲपलचा सुपरड्राइव्ह दिसायला देखणा, पण त्याची केबल जोडलेलीच, आणि तो दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर सरळ चालत नाही. वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ट्रे की नुसती फट? मला ट्रे आवडतो. मधल्या खटक्यावर डिस्क दाबून बसवताना दुसऱ्या हाताची बोटं ट्रेखाली आधाराला ठेवायची, म्हणजे ट्रे वाकत नाही. आठ सेंटीमीटरची छोटी डिस्क ट्रेत बसते. फटीच्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. आणि ट्रेच्या पुढे टाचणीएवढं भोक असतं, वीज नसतानाही सरळ केलेली पेपरक्लिप घालून तो उघडता येतो.

घरात जुना बंद पडलेला लॅपटॉप असेल तर विकत घ्यायच्या आधी त्याच्याकडे बघा. त्यातला ड्राइव्ह एका स्क्रूवर निघतो बऱ्याचदा, आणि त्यासाठी रिकामी यूएसबी केस मिळते. जाडी मोजून घ्या, १२.७ की ९.५, आणि मागची पिन साटाची (SATA, ड्राइव्ह जोडायची अलीकडची पद्धत) आहे ना ते बघा. फार जुन्यांची वेगळी असते.

लिहायचं असेल तेव्हा मी लॅपटॉप चार्जरला लावते, बाकीच्या पोर्टमधलं सगळं काढते आणि ४एक्सवर लिहिते. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर मध्येच वीज कमी पडली तर ती डिस्क वाया जाते.

आणि नवा ड्राइव्ह आणला की त्याच दिवशी काठोकाठ भरलेली डीव्हीडी घालून ती सबंध उतरवून बघा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे दोन फाइली उघडून 'चालतोय' म्हणणं पुरेसं नाही. कडेपर्यंत गेला पाहिजे. परत करायची मुदत असते तोवर हे झालेलं बरं.

मैत्रिणीचा ड्राइव्ह तिनं ठेवला. दोन मीटरची ती एक्स्टेन्शन माझ्या खणात आहे, तिच्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'फक्त माऊससाठी'.