हिंजवडी सोडून मिहान : माझा अनुभव

मी पुण्याच्या हिंजवडीत एका आयटी कंपनीत होते. करोनाच्या काळात वर्ध्याला आईबाबांजवळ राहून काम केलं, तेव्हापासून मनात होतं की नोकरी विदर्भातच बघायची. नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आधीपासून आहेत. २०२२ मध्ये आयटीत लोक धडाधड नोकऱ्या सोडत होते (एकट्या इन्फोसिसचं अ‍ॅट्रिशन, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, २८ टक्क्यांवर गेलं होतं). गावाजवळ काम मिळालं तर माणूस टिकतो, हे त्यानंतर इतर कंपन्यांनाही पटू लागलं. त्यातल्याच एका कंपनीत मैत्रिणीने माझा रेफरल टाकला, म्हणजे माझ्या नावाची शिफारस केली.

ऑनलाइन टेस्ट सोपी गेली. टेक्निकल राउंडला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातली स्प्रिंग बूट ही चौकट यांवर नीट, कामाचे प्रश्न आले. खरी झुंज एचआरशी झाली. "मॅडम, नागपूरचं बजेट पुण्यापेक्षा कमी असतं." मी विचारलं, क्लायंट तोच, टीम तीच, रात्रीचे कॉलही तेच, मग पगार कमी का? उत्तर ठरलेलं : तिथे खर्च कमी. घरभाड्यापुरतं ते खरं आहे. पुण्यातल्या वाकडच्या भाड्याच्या जवळपास निम्म्यात नागपूरच्या मनीषनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळतो. पण लॅपटॉप, विमा, मुलांची फी, गाडीचा हप्ता नागपूरला स्वस्त होत नाही. मी अडून बसले. शेवटी फिक्स्ड पगार होता तेवढाच ठेवला. वाढ मात्र दिली नाही.

ऑफर लेटर आलं. त्यात "कंपनीच्या गरजेनुसार भारतात कुठेही बदली" हे कलम होतंच, ते सगळीकडेच असतं. म्हणून बेस लोकेशन नागपूर आणि प्रोजेक्ट कोणता, हे मी ईमेलवर लिहून मागितलं. नागपूरसाठी घेऊन परत पुण्याला पाठवलेली दोन-तीन मुलं माझ्या ओळखीत आहेत. ईमेल हातात पडल्यावरच राजीनामा टाकला.

नोटीस ९० दिवसांची, बायआउटला (पैसे भरून नोटीस लवकर संपवायला) नकार. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (जुन्या नोकऱ्यांची पडताळणी) एका जुन्या कंपनीपाशी अडलं, कारण ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि रिलीव्हिंग लेटरवर जुनंच नाव होतं. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख होती, त्यावर काम निभावलं. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) तोच असल्याने पुढे पीएफ ट्रान्सफरलाही त्रास झाला नाही.

आता शनिवार-रविवार वर्ध्याला जाते, बाबांच्या तपासण्यांना स्वतः सोबत असते. माझे मॅनेजर मात्र पुण्यातच बसतात. नागपूरला लीडच्या (टीमप्रमुखाच्या) जागा कधी काढणार, हे येत्या अप्रेझलला मी विचारणार आहे.