सिनेमा मध्येच का थांबवते

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणात आमच्या खळ्यात पांढरी चादर बांधून मी वाडीतल्या मुलांना सिनेमे दाखवते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ दरवर्षी असतोच. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या ट्रॅप कुटुंबातली सात भावंडं, आणि जर्मनीच्या नाझींपासून त्यांचं पळून जाणं, अशी त्याची गोष्ट. आणि दरवर्षी कुणाची तरी आई म्हणतेच, “बाई, इतका छान चाललेला सिनेमा थांबवून त्यातल्या चुका कशाला दाखवता? मुलांचा रस जातो ना.” यंदा तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

रस जात नाही. मुलं उलट पुढे सरकून बसतात.

फ्रेडरिकचंच घ्या. सात भावंडांतला हा थोरला मुलगा झाला होता निकोलस हॅमंड. १९६४ मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि ते संपेपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांत हा पोरगा जवळजवळ सहा इंच वाढला. आधी तो ठेंगणा दिसू नये म्हणून त्याच्या बुटांत उंची वाढवणारी भर घालत होते. शेवटी शेवटी त्याचे बूट काढले आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे शार्मियन कारला, खोक्यावर उभं केलं. सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन दृश्यं मी लागोपाठ लावते. मुलं लगेच कोण कुणाच्या खांद्याला लागतो ते बघायला लागतात, आणि मग एकमेकांच्या शेजारी उभी राहून स्वतःची उंचीही मोजतात.

होडी उलटते तिथे तर मी थांबतेच. यंदा मागून एक जण ओरडला, “सगळी एका वांगडा उभी रवली तर होडी उलाटतलीच!” आमच्या पोरांना होडीचं शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी काय झालं ते पडद्यावर दिसत नाही. मुलांना सांभाळणारी मारिया झालेल्या ज्युली अँड्र्यूजने पुढे पडून सगळ्यात धाकट्या किम कॅरथला धरायचं, असं ठरलं होतं. किम पाच वर्षांची, पोहायला न येणारी. होडी हलली, ज्युली मागच्या बाजूला पडली आणि किम पाण्याखाली गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या पोटात बरंच पाणी गेलं होतं. हे सांगितलं की खळ्यात चिडीचूप होतं. ज्यांच्या घरचे रोज समुद्रावर जातात, ती मुलं आहेत.

काचेच्या मंडपातल्या नाचात शार्मियन घसरून काचेतून आरपार गेली आणि घोट्याला पट्टी बांधून नाचली, हेही सांगते. शेवटची चूक मात्र मला मनापासून खटकते. कुटुंब डोंगर चढून स्वित्झर्लंडला निघतं, पण साल्झबर्गच्या त्या डोंगरांपलीकडे जर्मनी आहे. ज्यांच्यापासून पळायचं, त्यांच्याच दारात! खरं ट्रॅप कुटुंब १९३८ मध्ये आगगाडीने इटलीला गेलं. मुलाची उंची कुणाच्या हातात नसते, नकाशा असतो.

गेल्या वर्षी आम्ही तारकर्लीच्या पुळणीवर मोबाइलवर एक गाणं घेतलं, दोन रविवार, सकाळी सातला. पहिल्या रविवारी भरती होती, मुली घोटाभर पाण्यात. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याने त्याच वेळी ओहोटी लागलेली. पुढची ओळ कोरड्या वाळूत, कुर्ल्यांच्या बिळांजवळ. ते आम्ही आणखी एका सकाळी जुळवून घेतलं. पण मधल्या आठवड्यात तुमच्या धाकटीचा पुढचा दात पडला होता. पहिल्या कडव्यात दात आहे, दुसऱ्यात नाही, आणि ‘स’ आला की शीळ वाजते. ते कडवं कापा असं तुम्हीच म्हणाला होतात. मी कापलं नाही.

यंदा पहिल्या रात्री तेच गाणं लावलं. दुसरं कडवं सुरू झालं तशी ती उठली, “बाई, थांबवा, थांबवा!” म्हणत चादरीपाशी धावली आणि टाचा उंचावून बोटाने ती फट दाखवायला लागली. तोवर तिला नवा दात आला होता, तोही तिने सगळ्यांना दाखवला.