बॅटरी धरणारा

घरातली दुरुस्ती दोघांचं काम असतं. एक जण स्टुलावर चढतो, दुसरा खाली बॅटरी धरून उभा राहतो. नाव पहिल्याचं होतं, बोलणी दुसरा खातो. लहानपणी मी कायम दुसरा.

तेव्हा लाइट गेले की अण्णा आधी खिडकीतून शेजाऱ्यांचं घर बघत. तिकडे उजेड असला तर फ्यूज आपलाच उडालेला. मग मेन स्विच बंद, चिनीमातीचा कटआउट बाहेर आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून केसासारखी बारीक तार. "जाड तार घालू, म्हणजे परत उडणार नाही," असं मी एकदा सुचवलं. अण्णांचा हात थांबला. "अरे, ही जळते म्हणून घर जळत नाही." आणि पाठोपाठ, "बॅटरी कटआउटवर! माझ्या डोळ्यांत काय शोधतोयस?"

तो डबा आता माझ्याकडे आहे. त्यात पक्कड, टेस्टर, मुठीला दोरा गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर, कुकरची सैल झालेली रिंग, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली आणि छत्तीची एक काडी. काडी कशासाठी, हे अण्णांनाच ठाऊक. टाकायची मात्र माझी हिंमत नाही; टाकली की दुसऱ्या दिवशी नेमकी तीच लागणार.

माझी कमाई तशी बेताचीच. पंखा रखडत फिरायला लागला तेव्हा अडीचचा कंडेन्सर आणून बसवला. (दुकानात नुसतं 'अडीचचा' म्हणायचं. 'मायक्रोफॅरड' म्हटलं की दुकानदार चष्म्यावरून बघतो.) पुढचा आठवडाभर आल्या-गेल्याला मी त्याच पंख्याखाली बसवत होतो.

परवा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चारेक लिटर! प्लंबर 'आलोच' म्हणाला आणि तीन दिवस येतच राहिला. शेवटी मीच डबा काढला. गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल बंद केला, नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ दिलं. पान्ह्याचे ओरखडे उठू नयेत म्हणून नटावर फडकं गुंडाळलं. नट हलेना. मीच हललो. आत वायसर पार खाल्लेला, मधोमध गोल चर पडलेला. नवा अर्ध्या इंची वायसर चहाच्या पैशांत आला.

मोबाइलचा उजेड धरून लेक उभी होती. "बाबा, मी बसवू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पान्हा घेतला. मोबाइल माझ्या हातात आला. मी नळाकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत असणार, कारण मध्येच तिनं काही न बोलता माझं मनगट धरलं आणि उजेड हवा तिथे वळवला.

वॉल उघडल्यावर पाच मिनिटं सगळं कोरडं. मग एक थेंब. बऱ्याच वेळानं आणखी एक.

"वायसर ज्याच्यावर बसतो ती आतली कडाच झिजलीय," ती म्हणाली. "नळ बदलायला लागेल. रविवारी करू. तू फक्त उजेड नीट धर."