बोल्डर्स बीच, पिसं झडायच्या दिवसांत

१४ डिसेंबर, सायमन्स टाऊन, दक्षिण आफ्रिका

डिसेंबर म्हणजे इकडचा भर उन्हाळा, आणि नाताळच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही. सकाळी गेट उघडताच आत शिरावं, नाहीतर दुपार टळल्यावर. मधल्या वेळात ऊन तापतं, तेव्हा इथले आफ्रिकन पेंग्विन झुडपांखाली दडलेले असतात आणि पायवाटेवर माणसंच माणसं दिसतात. केप टाऊनहून लोकलने आलात तर सायमन्स टाऊन हे शेवटचं स्टेशन. तिथून अडीच-तीन किलोमीटर चालत.

जागा दोन आहेत आणि लोक हमखास घोळ करतात. फॉक्सी बीचवर पेंग्विन भरपूर, पण वाळूत उतरायचं नाही, लाकडी पायवाटेवरूनच बघायचं. शेजारच्या बोल्डर्सला पाण्यात उतरता येतं. तिथे पक्षी कमी, पण कधी कधी एखादा हातभर अंतरावरून पोहत जातो. बोल्डर्सला जाण्याआधी ओहोटीची वेळ बघून ठेवा. भरतीला ती पुळण एवढीशी उरते आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून पलीकडे जायच्या फटी पाण्याखाली जातात.

आज पायवाटेच्या कठड्याला लागूनच एक उभा होता. मानेवर आणि पाठीवर जुनी तपकिरी पिसं फाटक्या गोधडीतल्या कापसासारखी लोंबत होती, त्यांच्याखालून नवी निळसर काळी पिसं चमकत होती, पायाशी पिसांचा सडा. मान आत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले. बघणाऱ्याला वाटतं, हा आजारी आहे. तो आजारी नाही. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसं एकदम बदलतो. या सुमारे ३ आठवड्यांत पिसांतून पाणी आत शिरतं, म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणजे खाणंही नाही. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर सगळं निभवायचं असतं. या दिवसांत दचकून केलेली प्रत्येक पळापळ त्या साठ्यातून जाते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: त्याला हलवायला जाऊ नका, पाणी शिंपडू नका, खायला टाकू नका. एखादा खरोखर जखमी दिसला तर हात न लावता रेंजरला सांगा. चोच धारदार असते आणि तो चावतो.

डोळ्यावरचा गुलाबी पट्टा जवळून बघण्यासारखा आहे. तिथे पिसं नसतात. अंग तापलं की त्या कातडीत रक्त जास्त येतं, बाहेरच्या हवेने ते निवतं आणि पट्टा गडद दिसतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन याच कुळातले, पण त्यांचा गुलाबी भाग चोचीच्या मुळाशी असतो.

उष्णता ही इथली खरी अडचण. पूर्वी हे पेंग्विन राहत त्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर साचत, त्यात बीळ कोरलं की अंड्यांना सावली मिळे. तो थर खतासाठी खणून नेला गेला. आता उघड्यावरच्या घरट्यात ऊन असह्य झालं की अंडी उबवणारा पक्षी उठून पाण्याकडे जातो, आणि टपलेले समुद्रपक्षी दोनपैकी एखादं अंडं उचलतात. म्हणून कृत्रिम घरटी ठेवतात आणि झुडपं जपतात. फांदी बाजूला सारून फोटो काढणं वाईट, ते यासाठी.

या किनाऱ्यावर १९८२ साली फक्त २ जोड्या होत्या. वसाहत वाढली, त्याचं एक कारण म्हणजे समोरच्या फॉल्स बे उपसागरातली पर्ससीन मासेमारी, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचे थवेच वेढून उचलणं, थांबली. पर्ससीनवरून काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. पेंग्विनचं पोट तारली आणि मांदेलीच्या भाईबंदांवर चालतं. एकूण आफ्रिकन पेंग्विन मात्र घटतच गेले. आता १०,००० हूनही कमी जोड्या उरल्यात आणि २०२४ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. कुंपण कितीही चांगलं घातलं तरी समुद्रात मासा नसेल तर पिल्लू उपाशीच.

संध्याकाळी समुद्रावरून थवे परततात. लाटेतून बाहेर आल्यावर काठाशी थांबतात, अंग झटकतात, मग एका रांगेत वर निघतात. पाणी आणि घरटी यांच्या मधे माणूस उभा असला की रांग थबकते, कधी परत पाण्यात वळते, आणि वर पिल्लाचं जेवण लांबतं. बोल्डर्सच्या वाळूत बसताना ही वाट मोकळी सोडून बसावं.

निघताना गाडीखाली वाकून बघा, चारही चाकांमागे. सावलीला येऊन बसतात.