जुलाब नाहीत तरी टायफॉइड: माझा अनुभव

संध्याकाळ झाली की ताप चढायचा, डोकं ठणकायचं, जिभेवर पांढरा थर, पण जुलाब अजिबात नाहीत, उलट पोटच साफ होत नव्हतं. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, व्हायरल आहे, जाईल. पावसाळ्यात आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात कोणी ना कोणी तापाने पडलेलं असतंच. मलेरिया, डेंगी निगेटिव्ह आल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायच्या टेस्टला, रक्त देऊन या, अँटिबायोटिक त्यानंतर. शेजारचे काका विडाल ही अँटिबॉडी बघायची टेस्ट कर म्हणून मागे लागलेले, रिपोर्ट लगेच मिळतो म्हणे. मिळतो हो, पण जुन्या इन्फेक्शनमुळेही ती पॉझिटिव्ह येते, मग उपयोग काय.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला, जंतू पाण्यातून पोटात गेला तर तो रक्तात कशाला शोधायचा? डॉक्टरांनी बाहेर एवढी गर्दी असताना कागदावर आतडं काढून दाखवलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅचेस म्हणून इम्यून पेशींचे पुंजके असतात. आतड्यातून काय काय चाललंय त्याचं सॅम्पल तिथे सतत आत घेतलं जातं, आणि कोणी वाईट जंतू आला तर मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळून मारतात, त्यातूनही निसटला तर पुढे लिम्फ नोडमध्ये अडवतात. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला घराण्यातलाच, पण एरवीच्या साल्मोनेलाने जुलाब होतात कारण न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आतड्यात जाळपोळ होते, पण बहुतेक वेळा मामला तिथेच मिटतो. टायफॉइडच्या जंतूवर व्हीआय नावाचं कवच असतं, त्यामुळे ही आरडाओरड फारशी होतच नाही, आणि मॅक्रोफेजने गिळला तरी हा आत जिवंत, आणि तीच पेशी त्याला रक्तातून लिव्हर, प्लीहा, बोन मॅरोपर्यंत पोचवते. म्हणजे नाक्यावरच्या हवालदारानेच चोराला आपल्या गाडीतून सोडून यावं, तसलं.

माझ्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एवढा ताप असूनही पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या आणि त्यांचाच एक प्रकार इओसिनोफिल शून्य, टायफॉइडमध्ये असं दिसतं म्हणे.

कल्चर पॉझिटिव्ह आलं, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला रेझिस्टंट. मग अॅडमिट, हाताला कॅन्युला, त्यातून सेफ्ट्रायाक्झोन हे दुसरं अँटिबायोटिक. सगळ्यात वैताग इथे आला, कारण औषध बरोबर असूनही ताप उतरेना. आईने तर डॉक्टर बदलूया म्हणून घोषणाच केली. पण जंतू पेशींच्या आत दडलेला असतो, ताप जायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो, आणि तसंच झालं, हळूहळू एकेक डिग्री खाली. नर्स सिस्टर रोज पोट दाबून बघायच्या, कारण ते सुजलेले पॅचेस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुटून आतड्याला भोकही पडू शकतं. ताप गेला म्हणून हुरळू नका, पोटात एकदम जोरात दुखलं तर सरळ कॅज्युअल्टीत या, हे डिस्चार्जच्या वेळी दोनदा बजावलं. गोळ्यांचा कोर्सही पूर्ण करायचाच, काही जणांच्या पित्ताशयात जंतू तसाच राहतो आणि त्यांना स्वतःला काही न होता दुसऱ्यांना लागण होत राहते.

लसीचंही विचारलं. नवी लस त्याच व्हीआय कवचाची ओळख शरीराला आधीच करून देते, आणि आपल्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना ती मोहीम काढून दिली होती, सरकारी पातळीवर जगात पहिल्यांदा. ९ महिने ते १४ वर्षं वयोगट. पुतण्याच्या कार्डावर नोंद आहे, मी त्या वयात कधीच बसत नव्हतो, आता बरं वाटलं की पैसे देऊन घेणार.