निवड समितीत बसले तेव्हा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शाळांतले जुने संगणक लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकून पुन्हा चालते करायचे, हे आमच्या स्वयंसेवी गटाचं काम. कामाला माणसं सगळीकडची, कार्यकारिणी मात्र वर्षानुवर्षं जळगाव शहरातल्या ओळखीच्या पुरुषांची. कुणी कुणाला अडवत नव्हतं, पण नाव देणारे तेच असायचे.

यंदा आम्ही आयईटीएफची पद्धत घेतली. इंटरनेटची मानकं ठरवणारी ही संस्था नेतृत्व थेट मतदानाने निवडत नाही. इच्छुक स्वयंसेवकांतून सोडत काढून दहा जणांची निवड समिती बनते. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत आणि समितीत मत असणाऱ्याला त्या खेपेला पद घेता येत नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे हे पटवायला वेळ लागला नाही. कंपनीच्या जागी आम्ही तालुका घातला. अमळनेरची माझी चिठ्ठी निघाली.

समिती सगळीकडच्या माणसांची झाली, पण अर्ज पुन्हा शहरातलेच आले! आयईटीएफचंही तसंच: 1986 पासूनच्या त्या संस्थेला पहिली महिला अध्यक्ष, अलिसा कूपर, 2017 मध्ये मिळाली. नुसत्या सोडतीने भागत नाही.

म्हणून मुदत वाढवून आम्ही फोन लावले. शहाद्याच्या एक शिक्षिका शाळेची लॅब एकट्या सांभाळतात. त्या म्हणाल्या, "माले कोनी इचारंच नही, ताई." मग खरी अडचण सांगितली: बैठक रात्री, जळगावात; परतीची एसटी नाही. धडगावचा पावरा या आदिवासी समाजातला मुलगा म्हणाला, ऑनलाइन यायला डोंगरात रेंज टिकत नाही. म्हणजे पदाच्या अटीच अशा होत्या की शहराबाहेरच्यांनी आपणहून मागे राहावं.

आम्ही आधी त्या अटी बदलायला लावल्या. बैठक रविवारी दुपारी, आळीपाळीने तिन्ही जिल्ह्यांत. ठराव आधी लेखी, त्यावर उत्तर द्यायला आठवडा. यावर बरीच वादावादी झाली. "गुणवत्ता बघा," असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. गुणवत्ताच बघायची होती, म्हणून निकष आधीच लिहून काढले: कुणामुळे किती लॅब चालू राहिल्या, कुणी किती नवे हात तयार केले. त्या निकषांवर शहाद्याच्या बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. आता त्या अध्यक्ष आहेत आणि धडगावचा मुलगा कार्यकारिणीत आहे.

प्रवासखर्च अजून ज्याचा त्यालाच करावा लागतो. धडगावहून येणाऱ्या विद्यार्थ्याला तो झेपणार नाही, हे मी पहिल्याच बैठकीत मांडणार आहे.