जर्मनीतला पहिला आठवडा: आधी पत्ता, मग बाकी सगळं

जर्मनीत शिकायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मोजून सहा-सात कामं असतात, पण ती एकमेकांत अडकलेली असतात. बऱ्याच बँकांना राहत्या पत्त्याचा दाखला हवा. श्पेरकोंटोतले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा थोडे थोडे सुटणाऱ्या खात्यातले पैसे मिळायला बँकेतलं खातं हवं. भाडं भरायला पैसे हवेत, आणि पत्त्याचा दाखला मिळवायला आधी घर हवं. हा गुंता घराच्या पत्त्यापासून सोडवायला घेतला तरच सुटतो. मी सगळी कामं त्याच क्रमाने लावली होती, म्हणून इथेही तोच क्रम ठेवते.

सुरुवात विमानाच्या तिकिटापासूनच होते. हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि वसतिगृहाच्या खोल्यांचे करारही बहुतेक 1 तारखेचे असतात. 3 ऑक्टोबरला जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी कार्यालयं बंद, दुकानं बंद, आणि खोलीची किल्ली ज्याच्याकडून घ्यायची तो हाउसमाइस्टरही सुट्टीवर. हाउसमाइस्टर आठवड्यातल्या ठरावीक दिवशी, ठरावीक तासांतच भेटतो आणि त्याच्या वेळा करारासोबत आलेल्या ईमेलमध्ये असतात. शुक्रवारी रात्री उतरलात तर सोमवारपर्यंत हॉटेलचा खर्च डोक्यावर बसतो. म्हणून सोमवार ते बुधवार यांपैकी एका दिवशी, दुपारच्या आत शहरात पोहोचेल असंच विमान घ्यावं. रविवारीही दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या रेल्वे स्टेशनांतली उघडी मिळतात. वसतिगृहाच्या खोलीत पलंग, गादी, टेबल असतं, पण उशी-पांघरूण बहुधा नसतं. एक चादर आणि एक पातळ रजई सामानात असली की पहिली रात्र निभावते.

सामानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आधीच सांगते. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच राहू द्या. ताजा कढीपत्ता आणि ताजी फळंही आणू नका, त्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी खुशाल आणा.

किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी खोलीचे फोटो काढा. भिंतीवरचे डाग, शेगडीवरचे ओरखडे, खिडकीची मूठ, बाथरूममधली बुरशी, सगळं टिपा. किल्ली देताना खोलीच्या स्थितीचा एक कागद भरून घेतात. त्यावर हे दोष लिहूनच सही करावी, कारण खोली सोडताना अनामत परत मिळणं त्याच कागदावर ठरतं. खासगी घरात ही अनामत मूळ भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत असू शकते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे. घरमालक हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

यानंतरचं काम पाच मिनिटांचं आहे, पण पहिल्या आठवड्यात तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं: टपालपेटीवर आपलं नाव लावणं. जर्मनीत पत्त्यात खोलीचा क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन इमारतीच्या दारातल्या पेट्यांवरची आडनावं वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, दोन-चार दिवसांच्या अंतराने येतो. विम्याचं कार्ड, कर क्रमांक, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र, सगळं याच पेटीत पडतं. वसतिगृह नावाची छापील पट्टी देतं, पण ती यायला वेळ लागतो. तोवर कागदाच्या पट्टीवर ठळक रोमन अक्षरांत आडनाव लिहून चिकटपट्टीने लावावं, दाराच्या घंटीवरही लावावं. दुसऱ्याच्या खोलीत तात्पुरतं राहत असाल तर त्याच्या नावाखाली आपलं नाव लावायचं आणि पत्ता देताना आपल्या नावाखाली ‘अमुकच्या मार्फत’ (c/o) असं त्याचं नाव घालायचं.

नाव म्हटलं की आपल्याकडच्या मुलामुलींची एक खास अडचण येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन कार्यालयं फक्त पासपोर्ट प्रमाण मानतात आणि वडिलांचं नाव तुमचंच दुसरं नाव समजतात. विद्यापीठात गुणपत्रिकेप्रमाणे, विम्यात फक्त नाव-आडनाव आणि बँकेत पासपोर्टप्रमाणे अशी तीन रूपं झाली की विम्याची नोंद विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही आणि प्रवेश लटकतो. प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट, स्पेलिंगही अक्षर न अक्षर तेच लिहा. जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष अशी टिंबं देऊन लिहायची.

आता आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करणं कायद्याने बंधनकारक आहे. लागणारे कागद चार: पासपोर्ट, त्यातला व्हिसा, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस या तारखेपासून इथे राहतो’ असा कागद. या शेवटच्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही, आणि बरेच जण नेमका करार घेऊन जातात नि हात हलवत परत येतात. वसतिगृहात तो किल्लीसोबत मागून घ्यावा. खासगी घर घेताना ‘आनमेल्डुंग होणार का’ हा प्रश्न पैसे देण्याआधी लेखी विचारावा. नाही म्हणणारं घर कितीही स्वस्त असलं तरी विद्यार्थ्याच्या कामाचं नाही.

ही नोंद ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे शहराच्या नागरिक कार्यालयात होते, आणि वेळ ठरवल्याशिवाय तिथे सहसा घेत नाहीत. त्या ठरवलेल्या वेळेला टेर्मिन म्हणतात. ऑक्टोबरच्या तोंडावर टेर्मिन मिळणं कठीण होतं, म्हणून घराची तारीख नक्की झाली की भारतातूनच बुक करावा. बर्लिनमध्ये शहरातल्या कोणत्याही ब्यूर्गरआम्टमध्ये नोंद करता येते, त्यामुळे लांबच्या उपनगरातली वेळही चालते. सगळं भरलेलं दिसलं तर सकाळी लवकर पुन्हा पाहावं, कुणीतरी रद्द केलेल्या वेळा मध्येच मोकळ्या होतात. टेर्मिन दोन आठवड्यांनंतरचाच मिळाला तर तो आधीच मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांत होतं आणि शिक्का मारलेला दाखला तिथेच हातात मिळतो. नावाचं स्पेलिंग आणि घर क्रमांक खुर्चीवरून उठण्याआधी तपासा, कारण पुढची सगळी पत्रं याच नोंदीवरून निघतात.

टेर्मिनची वाट पाहत असताना फोन आणि बँक उरकता येते. प्रीपेड सिम कार्ड 2017 पासून ओळख पटवल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून पासपोर्ट घेऊन दुकानातच सुरू करून घेणं सोपं. भारतातल्या सिमवर निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, नाहीतर आपल्या बँकेचे ओटीपी येणार नाहीत आणि तिथले पैसे असूनही अडकतील. जर्मन बँक निवडताना दोन गोष्टी विचारायच्या: पत्त्याचा दाखला आधी लागतो का, आणि भारतीय पासपोर्टवर ओळख कशी पटवतात. व्हिडिओवर ओळख पटवताना भारतीय पासपोर्ट काही ठिकाणी चालत नाही. अशा वेळी बँक देत असेल तर पोस्टाच्या शाखेत जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय निवडावा.

खातं उघडलं की आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक मिळतो, डीई अक्षरांनी सुरू होणारा 22 अक्षर-अंकांचा. तो श्पेरकोंटो चालवणाऱ्या संस्थेकडे भरायचा, सोबत त्यांनी मागितलेले कागद जोडायचे. सप्टेंबर 2024 पासून या खात्यात वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992 सुटतात. पहिला हप्ता यायला कागद पोहोचल्यानंतरही काही दिवस जातात. त्यामुळे पहिलं भाडं, अनामत आणि महिनाभराचा खर्च श्पेरकोंटोबाहेर, कार्डावर आणि थोडा रोख, असा वेगळा असलाच पाहिजे. या एका गोष्टीत काटकसर करू नका.

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव पक्कं होत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा मिळतो, हप्ता महिन्याला साधारण 140 ते 150 युरो. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवते, आपण कागद न्यायचा नसतो. हा संदेश गेला का, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्हीकडे विचारून घ्यावं. स्वस्त पडतो म्हणून खासगी विमा घ्यायचा मोह होतो, पण सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून परत येता येत नाही. सार्वजनिक विमा लागू होईपर्यंतचे दिवस प्रवासी विम्यात बसवा.

व्हिसाची मुदत बऱ्याचदा काही महिन्यांचीच असते. ती संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज पोहोचला पाहिजे. मोठ्या शहरांत तिथला टेर्मिन महिनोन्‌महिने मिळत नाही, म्हणून आनमेल्डुंगचा दाखला हातात येताच त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज टाकावा. फोटो आता छापील चालत नाही, मे 2025 पासून डिजिटल लागतो.

त्यानंतर काही आठवड्यांत पेटीत दोन पत्रं येतात, दोन्ही न मागता. एकात 11 आकडी कर क्रमांक असतो. अर्धवेळ काम करताना तो मालकाला द्यावा लागतो, म्हणून पत्राचा फोटो काढून ठेवा. दुसरं पत्र रुंडफुंकबाइट्रागचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. टीव्ही नसला तरी ही वर्गणी लागते, महिना 18.36 युरो, पण ती माणशी नसून घरटी एकच असते. सामायिक घरात राहत असाल तर आधीपासून वर्गणी भरणाऱ्या साथीदाराकडून त्याचा नऊ आकडी वर्गणी क्रमांक घ्या आणि उत्तरात तोच लिहून पाठवा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर तुमच्या नावाने वेगळं खातं उघडून राहायला आल्याच्या महिन्यापासूनचं बिल येतं.